लाईट उनी

१२ मार्च १९९२, गुरुवार

मशीन आलं. रिक्षातून उतरवताना ह्यांनी ते असं छातीशी धरलं होतं की गल्लीतल्या बायकांना वाटलं, कोणाचं बाळच दवाखान्यातून घरी आणलं. सासूबाईंनी दारातच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी मशीनवर उडालं तसे हे दचकून म्हणाले, "माय, पाणी नको." आणि नव्या कोऱ्या शर्टाच्या बाहीने मशीन पुसत बसले. मला कधी इतकं पुसलं नाही.

त्याला कटर म्हणतात. मुठीत धरायला दांडा, पुढे गोल पातं आणि पात्याला दात. करवतीने घामाघूम होऊन जी फळी कापायची ती हे चहा निवायच्या आत कापतं म्हणे. सगळे त्याच्याभोवती जमले, हात लावून बघत होते. मी लांबच उभी राहिले. त्या दातांकडे बघवेना. ह्यांची बोटं त्या दातांवरून फिरत होती, धार बघत.

कोणाला बोलणार? सासूबाईंचं म्हणणं, घरात वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. म्हणून इथे लिहिते. ही डायरी माझ्या वडिलांना, आबांना, जळगावच्या पाइपच्या दुकानातून मिळाली होती, त्यांनी मला दिली, कोरीच पडली होती. लिहिलेलं वास्तूला ऐकू जात नसावं.

मला भीती वाटते. ह्यांच्या बोटांची भीती वाटते. लिहून टाकलं. आता जरा बरं वाटेल म्हटलं होतं, तर तसंही काही नाही.

१५ मार्च, रविवार

आज मशीन शेडमध्ये बसवलं. शेड म्हणजे मागच्या अंगणात खांबांवर टाकलेले पत्रे. मला वाटलं होतं मशीन हातात धरून चालवायचं. तर नाही. ह्यांनी ते टेबलाखाली उलटं टांगलं, पातं टेबलाच्या फटीतून वर आलं. आता लाकूड दोन्ही हातांनी धरायचं आणि पात्यावर ढकलायचं. पात्यावर एक झाकण होतं, ते उलट्या मशीनला आडवं येतं म्हणून काढलं. सध्या माझ्या तुरीच्या डब्यावर ठेवलेलं आहे. "सुरतले बठ्ठा असंच करतस," म्हणाले, म्हणजे तिथे सगळेच. सुरतेला हे फर्निचरच्या कारखान्यात होते आणि गेल्या दिवाळीत काही न कळवता निघून आले. तिथलं पाणी मानवलं नाही म्हणतात. तब्येत तर चांगली होती.

मशीनचं बटण बोटाने दाबून धरलं तरच ते चालतं, बोट काढलं की थांबतं. करणाऱ्याने काही विचार करूनच तसं केलं असणार. पण उलटं टांगल्यावर टेबलाखाली वाकून बटण धरणार कोण? ह्यांनी हाक मारली, "कुंदा, एखादी नाडी दे." मी माझ्या जुन्या परकराची नाडी ओढून दिली. तिने बटण करकचून बांधलं. आता मशीन आपलं कायमचं चालू, जो काही ताबा तो भिंतीवरच्या बटणाचा. आणि ते भिंतीवरचं बटण कुठे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. तोताराम वायरमनची वायर तिथपर्यंतच पुरली.

तर असं ठरलं. हे शेडमधून ओरडणार "चालू", मी बटण खाली करणार. हे ओरडणार "बंद", मी बटण वर करणार आणि "बंद शे" म्हणून उलट सांगणार. लग्न झाल्यापासून ह्यांचं इतकं मी कधी ऐकलं नव्हतं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा असा आवाज झाला की भाकरी तव्यावर तशीच राहिली. जळल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

२० मार्च, शुक्रवार

मशीन आल्यापासून ह्यांना चहा फार लागतो. सकाळी कामाला उभं राहण्याआधी एक, टेबलापाशी गेले की परत येऊन आणखी एक. मग जरा अंगण झाडतात. अंगण झाडायचं काम ह्यांचं कधी नव्हतं. मग तंबाखू. मी म्हटलं, "मशीन घेतलं ते पूजेला का?" तर हसले नाहीत. इतका आळशी माणूस मी पाहिला नाही. मी असते ना हिंमतवाली, तर कधीच सुरू करून मोकळी झाले असते.

पण मी भित्री. "चालू" म्हटलं की बटण खाली करते आणि डोळे मिटून घेते. मिटल्या डोळ्यांना बोटंच दिसतात.

२९ मार्च, रविवार

आज सासूबाईंनी मला धरलं.

मशीन चालू असताना लाईट गेली. मी सवयीने बोर्डापाशी गेले आणि मशीनची पिन ओढून काढली. सासूबाई म्हणाल्या, "गयेल लाईटले काय कुलूप लावस व?" शेजारची सुगंधाबाई बसली होती, तीही पोट धरून हसली. हे आत आले आणि म्हणाले, सारखी पिन काढून खोबणी सैल होते, ठिणग्या पडतात, नको काढत जाऊ. माझा चेहरा पडला.

ही सवय माहेरची. आमचे आबा डाळीच्या मिलमध्ये होते. जळगावला लाईट गेली की सगळे हातपंखे घेऊन ओट्यावर येतात, आबा मात्र आत जाणार. अंधारात चाचपडत पंख्याचं बटण वर, रेडिओची पिन बाहेर, इस्त्रीची पिन बाहेर. आई म्हणायची, लाईट नाहीच तर बंद काय करता? आबा पुढच्या बटणाकडे वळायचे. मग लाईट आली की गल्लीभर पोरं ओरडायची, "उनी रे उनी." आम्हीही ओरडायचो. शाळेत बाई रागवायच्या, उनी नाही, आली म्हणावं. पण आली म्हणताना तशी मजा यायची नाही. आबा तेवढे ओरडायचे नाहीत. ते दोन्ही हात छातीशी धरून बसायचे, थंडी वाजल्यासारखे, ऐन मे महिन्यात.

त्यांच्या उजव्या हाताला मधली दोन बोटं नाहीत. लहानपणी मी विचारायचे, आबा, बोटं कुठे गेली? ते म्हणायचे, "लाईट उनी." बस्, इतकंच. मला वाटायचं थट्टा करतात. अजूनही तसंच वाटतं. लाईट गेल्याने माणसाचं काही अडेल, लाईट आल्याने कोणाची बोटं जातात?

आजपासून पिन काढायची नाही. ह्यांनी सांगितलं आहे.

७ एप्रिल, मंगळवार

काम मिळालं. आमच्या देवपुरातल्याच एका शाळेची बाकं करायची आहेत, शाळा उघडायच्या आत. हे पाडव्याला कागद घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी गुढीपुढेच पेढे ठेवले. शाळेच्या माणसाने ह्यांना स्पष्ट विचारलं म्हणे, हाताने करणार की मशीनवर? हे म्हणाले मशीनवर. तेव्हाच काम मिळालं.

सगळे खूश आहेत. मीही आहे. पण बाकं म्हणजे फळ्या, आणि प्रत्येक फळी त्या पात्यावरून जाणार.

१८ एप्रिल, शनिवार

आज फळी पात्याने धरली आणि मागे फेकली. ह्यांच्या कमरेजवळून गेली आणि पाण्याचा माठ फोडला. सगळं अंगण ओलं. मी "बंद" म्हणायची वाट न बघता बटण वर केलं.

हे कितीतरी वेळ माठाच्या खापऱ्या गोळा करत बसले. एकेक खापरी उचलत होते आणि ठेवत होते. मी म्हटलं, अहो, हाताने नका ढकलू फळी, काठीने ढकला. वाटलं खेकसतील. तर लगेच सागाची एक काठी काढली, तिला खाच पाडली, आणि संध्याकाळपर्यंत तीच तासत बसले. काठी इतकी गुळगुळीत झाली आहे की पाळण्याला लावावी. बाकं राहिली बाजूला. सासूबाई म्हणाल्या, कामचुकारपणा शे. मलाही तसंच वाटलं.

५ मे, मंगळवार, जळगाव

आखाजी. अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी आले. आंब्याचा रस, सांजोऱ्या, लिंबाला झोका. माझ्या वयाच्या बायका झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या, मला ओढत होत्या. मी एकदा बसले, उतरले.

तिकडे बोर्डाजवळ सासूबाई आहेत. त्यांना कमी ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं तेव्हाही त्या आपल्या मनाचं ऐकतात.

दुपारी लाईट गेली. आबा उठले, सगळी बटणं वर केली, फ्रीज नवा आला आहे त्याचीही पिन काढली. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी आबांच्या मागे मागे फिरले. म्हटलं, आबा, खरं सांगा, बोटं कशी गेली? आता मी लहान नाही.

"सांगेल शे ना तुले," आबा म्हणाले. "लाईट उनी."

मग विचारलं, जावई मशीन कसे चालवतात? मी सगळं सांगितलं. उलटं टांगलेलं, नाडी, झाकण, स्वयंपाकघरातला बोर्ड. आबा ऐकत होते आणि त्यांचा अंगठा त्या रिकाम्या जागेवरून फिरत होता. उद्याच परत जा म्हणाले. मला वाईट वाटलं. आखाजीला आलेल्या लेकीला कोणी दुसऱ्या दिवशी जा म्हणतं का?

६ मे, बुधवार

धुळ्याला परत आले. एसटीत खिडकीच्या गजाला धरून सगळा रस्ता देवाचं नाव घेतलं. घरी आले तर हे ओट्यावर बसलेले, चहा पीत. मी आधी हात बघितले. मग तोंड बघितलं.

आता बोर्डापासून हलायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

२० मे, बुधवार

अक्षर वेडंवाकडं येतं आहे. येऊ दे.

दुपारची वेळ. पत्रा असा तापलेला की शेडमध्ये जाववत नाही. तरी मशीन चालू होतं, शाळा जवळ आली म्हणून. धुण्याचा ढीग पडला होता. सासूबाई खिडकीपाशी परात घेऊन डाळ निवडत बसल्या आणि म्हणाल्या, जा तू, मी शे ना बोर्डजोडे. मी मोरीत धुणं धुवायला बसले.

लाईट गेली. मशीनचा आवाज खाली खाली गेला आणि थांबला. घरातला पंखा थांबला. रेडिओ थांबला.

शेडमधून ह्यांनी विचारलं, "बंद शे का?"

सासूबाई म्हणाल्या, "हा. बंद शे. बठ्ठं बंद शे."

माझ्या हातात ह्यांचाच शर्ट होता, साबणाचा. मला आधी काही वाटलं नाही. मग डोक्यात आलं, मघाशी "चालू" म्हणाले तेव्हा मी बटण खाली केलं होतं. ते वर कोणी केलं? कोणीच नाही. ह्यांनी बटणाचं विचारलं. सासूबाईंनी लाईटचं सांगितलं.

मोरीच्या दारातून शेड दिसते. फळीची एक चीप पात्याच्या बगलेत अडकली होती. ह्यांनी टेबलावर वाकून दोन बोटं फटीत घातली, दातांच्या शेजारून, आणि चीप ओढायला लागले. चीप निघेना.

मला ओरडायचं होतं. पण ओरडून तरी काय सांगणार होते? बंद आहे, बंद नाही, काय म्हटलं असतं तर त्यांनी हात काढला असता? त्यांनी नुसती मान वर केली असती. मी पळाले. हातापायांना पाणी, साबण. स्वयंपाकघरात परात पायात आली, डाळ सगळीकडे झाली, सासूबाई काहीतरी म्हणाल्या. पिनला हात लावायचा धीर झाला नाही, मी वायरच धरली आणि सगळं बळ लावून ओढली. पिन आली, पिनबरोबर खोबणी आली, भिंतीचा पोपडा आला.

वायर माझ्या हातात होती आणि डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

रेडिओवर बाई बोलायला लागली. गल्लीतली पोरं ओरडली, "उनी रे उनी."

मी खिडकीतून बघितलं. शेडमधला बल्ब पेटला होता. ह्यांची बोटं अजून पात्यातच होती. हे तसेच वाकलेले, मान वर करून बल्बकडे बघत होते. पातं हललं नव्हतं. मग त्यांनी हात काढला, इतका हळू की जणू तो दुसऱ्याचा हात आहे.

लाईट उनी. आबा थट्टा करत नव्हते. आबांनी मला प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं होतं आणि मी एकदाही ऐकलं नव्हतं.

हे आत आले. फुटलेल्या भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुझे हात ओले होते?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर चहाही मागितला नाही. सासूबाई डाळ भरत म्हणत होत्या, "मी खोटं काय बोलनू? बंद तं व्हतं बठ्ठं."

२१ मे, गुरुवार

हे शेडमध्ये गेले नाहीत. पोट बिघडलं म्हणाले. ताटावर बसले आणि उजवा हात मांडीखाली घालून डाव्या हाताने दोन घास खाल्ले. मी काही विचारलं की दुसरीकडे बघतात. मोरीत जाऊन हात धुतात. पुन्हा पुन्हा धुतात.

माझ्यावर राग आहे, दुसरं काय? बोर्ड मोडला. सांगितलेलं ऐकलं नाही, पिन काढू नको म्हटलं होतं. वर काम थांबलं. सासूबाईंनी सुगंधाबाईला सांगितलं, सुनेने भिंत फोडली. भीतीने जीव गेला माझा, आणि भिंत तेवढी सगळ्यांना दिसते.

माझीही झोप उडाली आहे. पंखा सुरू झाला की मी आधी दचकते.

२३ मे, शनिवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

सकाळी माझ्या पेटीवर ती नाडी ठेवलेली होती. परकराची. सोडून, धुऊन, चार पदरी घडी घालून. टेबलाखाली जाऊन बघितलं, मशीनचं बटण मोकळं आहे. म्हणजे तुझी वस्तू तुला परत. ह्याचा दुसरा काय अर्थ होतो? लग्नाच्या बायकोला कोणी अशी वस्तू परत देतं?

मग हे घडीचे कपडे घालून निघाले. मी विचारलं कुठे. म्हणाले, "जळगावले. आबा घरीच असतीन ना?"

मी म्हटलं, काय काम आहे आबांकडे?

"शे काम," म्हणाले आणि एसटी स्टँडकडे गेले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "माहेरना माणूसले बलावाले गया म्हंजे," इतकंच म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. मला कळलं. सुनेच्या बापाला घरी बोलावतात ते चहापाण्याला नाही.

२४ मे, रविवार

हे परत आले नाहीत. काय काय सांगत असतील आबांना? की तुमची लेक ऐकत नाही, बोर्ड उपटते, सगळ्यांत हसू करते. आबा काय म्हणतील? आबा काहीच म्हणणार नाहीत. त्यांना बोलता कुठे येतं.

मी पेटी उघडून साड्या लावल्या. पुन्हा काढल्या. नाडी कुठे ठेवावी कळेना, शेवटी कमरेलाच खोचली. जायचं तर जाईन. पण मी गेल्यावर बोर्डाजवळ सासूबाई बसतील आणि "बंद शे" म्हणतील. मला हाकलून द्या, पण बोर्डाजवळ माझ्यासारखं भित्रं कोणीतरी बसवा, असं मी ह्यांना सांगणार आहे. पाया पडून सांगणार आहे.

२५ मे, सोमवार

दोघं आले. ह्यांच्या हातात आबांची पिशवी होती आणि आबांच्या हातात कलिंगड. भांडायला येणारा माणूस कलिंगड आणत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मी दारामागे उभी राहून रडले.

आबा माझ्याशी दोन शब्द बोलले, सासूबाईंना रामराम केला आणि सरळ शेडमध्ये गेले. हेही मागे. आबांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं, उठले. मग दोघं लाकडाच्या ओंडक्यावर बसले. मी खिडकीतून कान देऊन ऐकत होते. ह्यांचा आवाज येत होता, मधेच तुटत होता. सुरतेचं काहीतरी सांगत होते. शेजारच्या टेबलावरच्या कोणा पोऱ्याचं. "त्याने माले इचारं," हे म्हणाले, "आणि मीच सांगं, बंद है, घाल हात."

आबांनी आपला तो अर्धा हात ह्यांच्या पाठीवर ठेवला.

कोण पोऱ्या, काय झालं, ते मला नीट कळलं नाही. मी चहा घेऊन गेले तर दोघं गप्प झाले. ह्यांचे डोळे लाल होते. भुसा गेला म्हणाले. मशीन बंद असताना भुसा कुठून उडतो देव जाणे.

माझी तक्रार काही झाली नाही, असं वाटतं. मी साड्या परत पेटीत टाकल्या.

३१ मे, रविवार

घरातून एक शब्द काढून टाकला आहे. मशीनच्या बाबतीत "बंद" म्हणायचं नाही. ह्यांनीच जाहीर केलं, जेवताना. थांबलेल्यालाही बंद, बटण वर केलेल्यालाही बंद, लाईट गेली तरी बंद, एकच शब्द सगळ्याला, हे चालायचं नाही. लाईट गेली तर "लाईट गयी" म्हणायचं. पिन काढली तर "पिन काढी" म्हणायचं. आणि पिन काढल्याशिवाय पात्याजवळ कोणी बोट न्यायचं नाही, लाईट असो नसो. सासूबाई म्हणाल्या, आता आम्ही बोलणंही नवीन शिकायचं का? ह्यांनी इतकंच म्हटलं, "हा माय." पुन्हा त्या बोलल्या नाहीत. दुपारी एकट्याच पुटपुटत होत्या, "पिन काढी, पिन काढी."

तोतारामने वायर वाढवून आणली. आता खोबणी आणि बटण टेबलाच्या पायालाच आहे, हाताशी. आबांनी आणि ह्यांनी मिळून पात्यावर लाकडाची टोपी केली, फळी तिच्याखालून जाते. मशीनचं बटण बांधायला नाडी लागणार नाही, ह्यांनी पायाने दाबायची काहीतरी पट्टी बसवली आहे. पाय उचलला की मशीन थांबतं. बाकं मागे पडली आहेत. शाळेच्या माणसाला ह्यांनी सांगून टाकलं, उशीर होईल.

माझं काम संपलं असं मला वाटलं होतं. स्वयंपाकघरात बोर्डच राहिला नाही. पण ह्यांनी शेडमध्ये माझ्यासाठी पाट टाकला. म्हणाले, तू इथे बस. मी म्हटलं, मला भीती वाटते हो, मी काय कामाची? पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं, इतके दिवस इथेच लिहीत होते. तर म्हणाले, "म्हणीसनच." भीती वाटते म्हणूनच.

आज दुपारी फळ्या कापत होते. मी पाटावर, आबा ओंडक्यावर. लाईट गेली. ह्यांनी पाय उचलला, दोन पावलं मागे सरकले आणि दोन्ही हात वर केले. मी पदराला हात पुसले, कोरडे आहेत का ते बघितलं, पिन काढली. "पिन काढी" म्हटलं. पिन खाली लोंबायला नको म्हणून आबांच्या हातात दिली. आबांनी ती तीन बोटांत घट्ट धरली.

मग वाट बघत बसलो. पत्रा तडतडत होता. ह्यांनी काठीने चीप काढली, मग टेबल झाडलं, मग परत मागे झाले.

बल्ब पेटला. घरात रेडिओ सुरू झाला. बाहेर पोरं ओरडली, "उनी रे उनी."

आबांचे हात सवयीने छातीशी गेले. पिन त्यांच्या मुठीतच होती. त्यांनी मूठ उघडून तिच्याकडे बघितलं. वायर टेबलापासून त्यांच्या हातापर्यंत आली होती आणि हातातच संपली होती.

मी ह्यांना विचारलं, "हात कोठे शेतस?" हे आम्ही ठरवलं नव्हतं, तोंडातून आलं.

"वर शेतस," हे म्हणाले.

आबा म्हणाले, "तव्हय माले कोनी इचारं नही." मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "कोनीच इचारं नही, पोरी, हात कोठे शेतस म्हनीसन."

मी त्यांच्या हातातून पिन घेतली. ह्यांचे दोन्ही हात पुन्हा एकदा बघितले. मग लावली.